सायकलवरचं दाढीचं सामान

दाढीचं सगळं सामान मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं आणि आकडा तीनशे ऐंशी ग्रॅमवर थांबला. लांबच्या सायकल सफरीला निघालेल्या माणसाच्या दृष्टीनं हे फारच झालं. सकाळी कोल्हापुरात रंकाळ्याभोवती सायकली फिरवणारं आमचं एक टोळकं आहे. त्यातली माणसं वजनाच्या बाबतीत इतकी चिक्कू, की दात घासायच्या ब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापून नेतात. त्यांच्यातल्या एकाला मी हा आकडा सांगायची चूक केली.

"काका, धा-बारा दिवस दाढी न्हाई केली तर काय हुतंय?" तो म्हणाला. "वाढू दे की. तिकडं बघतंय कोण तुमच्याकडं?"

मला राग आला. माझ्या नाकावर राग कायम बसलेला असतो, त्याला बोलावणं धाडावं लागत नाही. "बघणारं एक माणूस हाय," एवढंच म्हणालो आणि पायडल मारत पुढं निघून आलो.

ते माणूस म्हणजे माझी थोरली बहीण. ती गडहिंग्लजला असते. सहा वर्षं ती माझ्याशी बोललेली नव्हती. गेल्या हिवाळ्यात बोलली ती मोजून आठ-दहा वाक्यं, आणि त्यातलं शेवटचं होतं, "दाढी करून ये." तिनं मला बोलावलं होतं की दारातून घालवून दिलं होतं, ते मला वर्षभर समजलं नाही. ते समजून घ्यायलाच मी यंदा निघालो होतो, आणि म्हणून हे तीनशे ऐंशी ग्रॅम सोबत नेणं भाग होतं.

आधी सामानाचं सांगतो, कारण त्यावर मी तीन आठवडे घालवले. मी चाळीस वर्षं उद्यमनगरात पॅटर्न बनवले. कारखान्यात धातूचा भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना लागतो, तो करणारा मी. सूतभर इकडंतिकडं झालं की पुढचे सगळे नग भंगारात जातात. निवृत्त झालो तरी ती खोड काही गेली नाही. जित्याची खोड ती. साधी पिशवी भरायची तरी मी कागदावर आधी आकृती काढतो.

माझं दाढीचं यंत्र जुन्या पद्धतीचं आहे. दोन्हीकडून धार असलेलं एकच पातं त्यात बसतं आणि फिरवलं की यंत्राचे तीन तुकडे सुटे होतात. त्याचा पितळी दांडा जड. मी एका ओळखीच्या माणसाच्या लेथवर ॲल्युमिनियमचा आखूड दांडा करून घेतला. पंचेचाळीस ग्रॅम वाचले म्हणून खुशीत होतो. मग दाढी करायला बसलो तेव्हा कळलं, की या यंत्राचं निम्मं काम त्याचं वजनच करत होतं. दांडा हलका झाला की हात आपोआप दाबतो, आणि दाबलं की कापतं. हनुवटीला तीनदा कापून घेतल्यावर मुकाट्यानं पितळी दांडा परत लावला.

ब्रशचा घोळ वेगळा. सकाळी वापरलेला ब्रश ओला असतो, तो डबीत कोंबून सायकलच्या पिशवीत टाकला की दुसऱ्या दिवशी कुबट वास मारतो. मी गोळ्यांच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला ड्रिलनं बारा भोकं पाडली आणि त्यात ब्रश उलटा बसवला. साबणाची कांडी किसून बामच्या रिकाम्या डबीत अंगठ्यानं दाबून भरली. पात्यांचं एक पाकीट घेतलं, आणि वापरलेली पाती टाकायला एक काड्यापेटी. लॉजच्या कचऱ्यात सुटं पातं टाकायचं नाही, झाडणाऱ्या बाईचा हात कापतो. तुरटीचा खडा, स्टीलची वाटी, पंचा. आरसा घेतला नाही. काच फुटते, आणि सायकलच्या हँडलला मागचं बघायचा आरसा होताच.

आमच्या टोळक्यातल्या लोकांना वाटतं, हे म्हाताऱ्याचे चोचले आहेत. असतीलही थोडेफार. मी लग्न केलं नाही. आई होती तोवर घरात दोन माणसं होतो, आता एकच आहे. सकाळी दाढी करताना आरशात एक तोंड दिसतं, आणि कित्येक दिवस असे जातात की जवळून बघितलेलं तोंड तेवढंच. मी एकटा आहे, हे लिहायला मला लाज वाटत नाही. वाटायची तेव्हा वाटली.

आईचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ती गेली एका थंडीच्या सकाळी, दहाच्या सुमाराला. मी लगेच अक्काला फोन केला. ती म्हणाली, "निघालेच. थांबा." मी म्हणालो, थांबतो. गडहिंग्लजहून कोल्हापूर म्हणजे एसटीनं दोन-अडीच तास. पण उसाचे दिवस होते. वाटेत उसानं भरलेली ट्रॉली उलटली आणि सगळी वाहतूक तिच्या मागं तुंबून राहिली. अक्का दर थोड्या वेळानं फोन करायची, "सुटंल आता. पोचतेच की." इकडं गल्लीतली माणसं जमलेली. कुणाला ड्यूटीवर जायचं होतं, कुणाला दुकान उघडायचं होतं. तीन वाजता लोक घड्याळं बघायला लागले. चारला एकजण म्हणाला, "किती येळ ठेवायचं?" आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "चला."

अक्का सव्वापाचला दारात पोचली तेव्हा घर धुऊन झालं होतं. तशीच रिक्षा करून ती पंचगंगेच्या घाटावर आली. तिथं बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती रडली नाही. सगळ्यांसमोर मला म्हणाली, "माझ्या आईचं शेवटचं त्वांड बी बघू दिलं न्हाईस." दहाव्याला आली, बायकांच्या मागं बसली, आणि घोटभर पाणीसुद्धा न पिता निघून गेली. त्यानंतर सहा वर्षं राखी नाही, भाऊबीज नाही, फोन नाही. मी चार-पाच वेळा फोन केला, दाजींनी उचलला. "ती कामात हाय," म्हणायचे. दाजी सज्जन माणूस. दर वेळी वेगळं काम सांगायचे.

गेल्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा लांबच्या सफरीवर गेलो. मलकापूरवरून आंबा घाट उतरून रत्नागिरी, तिथून किनाऱ्यानं खाली, सावंतवाडी, आंबोली चढून आजरा, गडहिंग्लज आणि परत कोल्हापूर. लोकांना मी हा रस्ता निसर्गरम्य आहे म्हणून निवडल्याचं सांगितलं. खरं म्हणजे गडहिंग्लज वाटेत यावं म्हणून मी अख्खं कोकण फिरलो. सरळ बसनं जाऊन दार ठोठावायची छाती नव्हती. 'सहज जाता जाता आलो' असं म्हणता यावं, एवढ्यासाठी साडेचारशे किलोमीटर पायडल मारणारा माणूस मीच.

त्या वेळी वजनाच्या नादात मीही दाढीचं सामान घरीच ठेवलं होतं. नवव्या दिवशी गडहिंग्लजमध्ये शिरलो. दाढी खाजत होती. वेशीवर सलून दिसलं, म्हटलं करून घ्यावी, तर कुलूप. सोमवार होता, आणि सोमवारी सलूनं बंद. म्हटलं जाऊ दे. डोक्याला ऊन लागत होतं म्हणून पांढरा पंचा गुंडाळलेला होता. तसाच तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. भर दुपारी, न कळवता.

आपल्याकडं नऊ दिवसांची दाढी म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. उद्या ज्याच्या घरात दहावं आहे तो माणूस नेमका असाच दिसतो. पांढरी खुंटं वाढलेली, डोक्याला पंचा, ओढलेला चेहरा, आणि न सांगता दारात. कोकणातल्या शेवटच्या दिवसांत लोक माझ्याशी हळू आवाजात का बोलत होते, एका खानावळवाल्यानं ताटात गोड का वाढलं नाही, ते मला त्या दारात उभा राहिल्यावर उमजलं.

अक्कानं दार उघडलं. माझ्याकडं बघितलं आणि तिनं दाराची चौकट धरली.

"कोण गेलं?" ती ओरडली. शेजारची बाई बाहेर आली इतक्या मोठ्यानं. "कोण गेलं रं तम्मा?"

लग्न होऊन गडहिंग्लजला आल्यावर तिला तिथली कानडी लागली होती, तेव्हापासून ती मला तम्मा म्हणायची. धाकटा भाऊ. सहा वर्षांनी मी ती हाक ऐकत होतो आणि ती अशी आली होती.

"कुणी न्हाई अक्का," मी म्हणालो.

पण वाईट बातमी आणणारा माणूस आधी 'काही नाही' असंच म्हणतो. तिला खरं वाटेना. "सांग की! आत्तीकडलं कोण? चुलत्याकडलं?" असं म्हणता म्हणता ती मधेच थांबली. आत्या जाऊन दहा वर्षं झाली होती. चुलता निपुत्रिक गेला, आईच्याही आधी. अक्का चौकट सोडून उंबऱ्यावर बसली आणि हळू म्हणाली, "आपल्यात जायाला ऱ्हायलंय कोण?"

मीही मनातल्या मनात मोजलं. वडील नाहीत, आई नाही, भाऊ नव्हताच, बायको-पोरं नाहीत. ज्याचं मला पुरतं सुतक लागेल असं एकही माणूस या जगात उरलेलं नव्हतं. फक्त ती होती. आणि लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या बहिणीचं सुतक आमच्यात भावाला तीनच दिवसांचं धरतात. तीन दिवसांत दाढी ती किती वाढणार? तिथं उभं राहून मला पहिल्यांदा नीट कळलं की मी किती एकटा पडलोय, आणि ते मला माझ्या दाढीनं सांगितलं.

"मग ही दाढी कशाची?" तिनं विचारलं.

इथं मी काहीही म्हणू शकलो असतो. तुला बघायला आलो, म्हणू शकलो असतो. पण तोंडातून निघालं, "फिराया गेलतो. सायकलीवरनं. कोकणात."

"फिराया," ती म्हणाली. तिच्या तोंडावरची भीती गेली आणि तिथं राग आला. तिचा राग माझ्यासारखाच, एकाच चुलीवरचा. ती उठली, आत गेली, तांब्याभर पाणी आणून उंबऱ्यावर ठेवलं. मी उभ्याउभ्या प्यालो. तिनं तांब्या उचलला आणि म्हणाली, "असलं त्वांड घिऊन दारात येऊ नगंस. दाढी करून ये." मग आत गेली. दार लावलं नाही, नुसतं ओढून घेतलं.

बाजारात जाऊन दहा मिनिटांत पातं आणि यंत्र विकत घेता आलं असतं. एसटी स्टँडच्या नळावर दाढी उरकून परत जाता आलं असतं. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. मी सायकलवर टांग टाकली आणि साठ-पासष्ट किलोमीटर न थांबता कोल्हापूरला आलो. सगळ्या वाटेनं तिच्याशी भांडत होतो. माझी दाढी आहे, वाढवीन नाहीतर उपटीन, तुला काय? निपाणीच्या पुढं राग ओसरला आणि मग डोक्यात एकच गोष्ट घोळायला लागली. 'येऊ नगंस' हे खरं की 'ये' हे खरं? दार लावायचं असतं तर तिनं लावलं असतं. ती काही भिडेची बाई नाही. मग ओढून का घेतलं? मी वर्षभर त्यावर विचार केला. कुणाला विचारावं तर विचारायला कोणी नव्हतं.

यंदा निघालो तो त्याच रस्त्यानं. सरळ गडहिंग्लजला का नाही गेलो, असं कुणी विचारेल. भीती वाटत होती, म्हणून. नऊ दिवस पुढं ढकलता येत होतं.

पहिला मुक्काम मलकापूरला केला. सकाळी एका टपरीवर चहा मागितला आणि सोबत वाटीभर गरम पाणी.

"पावणं, गरम पाणी कशाला?" टपरीवाला म्हणाला.

"दाढी करायची हाय."

त्यानं सायकल बघितली, तिच्यावर लादलेल्या पिशव्या बघितल्या, मग माझे पांढरे केस बघितले. "ह्या वयात पोरगी बघायला निघालायसा काय?" टपरीवर बसलेले सगळे हसले. मीही हसलो. चारचौघांत हसून मला बरेच दिवस झाले होते. बाकड्यावर बसून, हँडलचा आरसा माझ्याकडं वळवून मी दाढी केली आणि तोवर त्यांनी मला घाटाचे दोन-चार सल्ले दिले. निघाल्यावर दहा किलोमीटरपर्यंत बरं वाटत होतं, मग परत एकटा झालो.

हँडलचा आरसा बाहेर फुगीर असतो. मागची वाहनं जास्त दिसावीत म्हणून. त्यात आपलं तोंड लहान आणि लांबचं दिसतं. रोज सकाळी कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी भिंतीला सायकल टेकवून मी त्या लांबच्या माणसाची दाढी करत होतो. कोकणातल्या दमट हवेनं माझी सगळी कारागिरी धुऊन काढली. बाटलीला बारा भोकं पाडूनही ब्रश वाळेना. शेवटी तो बाटलीतून काढून कॅरिअरला सुतळीनं बांधला, दिवसभर वाऱ्यावर. तुरटी ओल धरून पंच्याला चिकटली. साबणाच्या डबीचं झाकण गच्च बसलं ते उघडायला एका सायकल दुकानदाराची पक्कड मागावी लागली. तो झाकण उघडून देताना म्हणाला, एवढा त्रास काढण्यापेक्षा दाढी राखा ना!

रोज दाढी करण्याचा एक फायदा मात्र झाला. एकट्या माणसाला खोली द्यायला लॉजवाले बिचकतात. तास तास आधारकार्ड उलटंसुलटं करून बघतात. न जाणो, खोलीत जीव देऊन मोकळा झाला तर. गेल्या वर्षी दोन ठिकाणी 'खोली शिल्लक नाही' ऐकलं होतं, फळ्यावर किल्ल्या लटकत असताना. यंदा गाल गुळगुळीत होते, एकानंही हाकललं नाही. पण खोलीत शिरल्यावर दार लावलं की बोलायला भिंतीच. रोज संध्याकाळी मी तिला काय म्हणायचं ते पाठ करायचो आणि रोज सकाळी साबण लावताना ते विसरायचो.

आजऱ्याला शेवटचा मुक्काम. सकाळी नवं पातं घातलं. एकदा केसांच्या दिशेनं, मग परत साबण लावून उलटा हात. वधूपिता कार्यालयात जाण्याआधी करत नसेल इतकी नीट दाढी केली, आणि शेवटच्या हाताला जबड्याखाली कापून घेतलं. तुरटीचा उरलासुरला खडा दाबून धरला. बुधवार होता. वार, अमावास्या, पौर्णिमा, सगळं मी आधीच बघून ठेवलं होतं, या वेळी कुठंच नाव ठेवायला जागा नको म्हणून.

पंचवीस किलोमीटरला मला अडीच तास लागले. चढ नव्हता.

दाराला हात लावायच्या आधी डोक्यावरचा पंचा काढून पिशवीत घातला. दार अक्कानंच उघडलं. हाताला पीठ लागलेलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं.

"आलास व्हय," ती म्हणाली.

"आलो."

"दाढी केलीस?"

"केली की. आजऱ्यात, सकाळी."

"हितं कापलंय." तिनं स्वतःच्या जबड्याखाली बोट लावून दाखवलं. मग वळली आणि आत चालायला लागली. मी दारातच उभा. आत पोचल्यावर तिचा आवाज आला, "आता काय अक्षता दिऊ? ये की आत!"

मी बूट काढले. दाजी शेतावर गेले होते. ती चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत होती आणि मी भिंतीला टेकून बसलो, तिच्या पाठीमागं. तिचं तोंड दिसत नव्हतं म्हणून मला बोलता आलं. पाठ केलेलं त्यातलं काहीच आठवलं नाही. म्हणालो, "अक्का, त्या दिवशी मला थांबा म्हणता आलं न्हाई. तुला थांबतो म्हणून सांगितलं हुतं. पण माणसं घड्याळं बघाय लागली. सगळी माझ्याकडं बघाय लागली. मला वाटलं, ही काय म्हणतील. मी भ्यालो. दुसरं कायबी कारण न्हाई."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. वरून पाण्याचा हात फिरवला. उलटली. मला वाटलं, आता उठून परत 'जा' म्हणेल. तव्यावरची भाकरी तिनं निखाऱ्यावर टेकवली, ती फुगली, आणि अक्कानं ती टोपलीत टाकली.

मग म्हणाली, "मी पोरास्नी सांगून ठिवलंय."

तिचे दोन मुलगे, एक पुण्याला, एक तिथंच गडहिंग्लजला. "काय सांगून ठिवलंयस?" मी विचारलं.

"मी गेले की थांबायचं. मामा आल्याबिगार मला उचलायचं न्हाई. एसटी अडकू दे, सायकलीवरनं येऊ दे, न्हाईतर चालत येऊ दे. लोकं घड्याळं बघत्याती, बघू देत." तिनं दुसरा गोळा हातात घेतला. "माझं त्वांड बघितल्याबिगार ऱ्हाऊ नगंस तू. लई वाईट असतंय ते. मला ठावं हाय."

मला वाटलं, गेल्या वर्षी मी येऊन गेल्यावर तिनं हे ठरवलं असणार. वर्षभरात राग निवळला असणार. तसं मी विचारलंही, "कवा सांगितलंस पोरास्नी?"

तिनं वळून बघितलं नाही. भाकरी थापत होती, आणि थापता थापताच म्हणाली, "आईच्या दहाव्यावरनं परत आले की. त्याच दिवशी."

सात वर्षं. ती माझ्याशी बोलत नव्हती, फोन घेत नव्हती, आणि सात वर्षं तिच्या घरात हा हुकूम देऊन ठेवलेला होता. मी गुडघ्यात डोकं घालून रडलो, चांगला मोठ्यानं. आई गेली तेव्हाही एवढा रडलो नव्हतो, तेव्हा माणसं बघत होती.

अक्कानं मला रडू दिलं. मग ताट वाढलं, माझ्यापुढं सरकवलं आणि कपाळावर आठ्या घालून म्हणाली, "जेव आता. गार हुतंय." मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.